मागच्या दोन काचा

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर मी तुम्हाला अंगणातली गाडी दाखवत होते, तेव्हा तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, "आजी, तुझ्या गाडीची एक काच काळी आणि एक पांढरी का?" मी म्हटलं, "एक फुटली होती," आणि लगेच तुमच्या शाळेचा विषय काढला. उत्तर खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने असं उत्तर लिहिलं असतं तर मी त्याला पाचपैकी दोन गुण दिले असते.

पुढच्या आठवड्यात गाडी जाणार आहे. तिची पंधरा वर्षं भरत आली. पुन्हा पासिंगला नेऊन उभी करायचं बळ आता माझ्यात नाही, आणि तुमचा बाबा फोनवर रोज म्हणतो, आई, आता चालवणं बंद कर. गाडी गेली की तुम्हाला हा प्रश्न पडणार नाही आणि मलाही सांगावंसं वाटणार नाही. म्हणून आज दुपारी आजोबा झोपलेत तोवर लिहायला बसले आहे. आईकडून वाचून घ्या. तिला माझं अक्षर लागेल.

गाडी घेतली तेव्हा आजोबांना निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं. ते जनावरांचे डॉक्टर, सरकारी दवाखान्यातले. तीस वर्षं त्यांनी शेवगाव आणि पाथर्डीकडची खेडी मोटरसायकलवर पालथी घातली. मी इथल्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. गाडी मी चालवायची हे पहिल्या दिवशीच ठरलं, कारण आजोबांना रस्त्यातल्या प्रत्येक म्हशीकडे वळून बघायची सवय होती.

राखाडी रंगाची, उंच गाडी. मागच्या दोन दारांच्या आणि अगदी पाठीमागची अशा तीन काचा काळसर होत्या. बाहेरून बघणाऱ्याला आत कोणीतरी आहे एवढं कळायचं, कोण आहे ते कळायचं नाही. विकणारा म्हणाला, "कंपनीतूनच येतात अशा, मॅडम. वरून काही लावलेलं नाही. गाडी जाईल, पण हा रंग जायचा नाही." विकणारे असं बोलतातच. मला त्या काचा आवडल्या नव्हत्या. आमच्याकडे काळ्या काचांच्या गाड्या निवडणुकीच्या दिवसांत गावात शिरतात, आणि त्यांतून उतरणारी माणसं कोणाला नमस्कार करत नाहीत.

"आपण काय आमदार आहोत का?" मी आजोबांना विचारलं.

"पुढे मास्तरीण बसलेली दिसली की कोणी घाबरायचं नाही," ते म्हणाले.

पुढे काचांवरच्या काळ्या फिल्मला बंदी आली. मी ती बातमी इंग्रजी पेपरात नीट वाचली होती. बंदी फिल्मला आहे, हे मला ठाऊक होतं. पण नगरच्या चौकात हवालदाराने हात करून गाडी बाजूला घ्यायला लावली आणि म्हणाला, "मॅडम, हे काळं काढून टाका. पुढच्या वेळी दिसलं तर पावती फाडीन," तेव्हा वाचलेलं सगळं माझ्या डोक्यातून गेलं. मी आयुष्यभर रांगेत उभी राहणारी बाई. घरी आले, गरम पाणी, साबण आणि ब्लेड घेतलं आणि मागच्या सीटवर बसून काच आतून खरवडायला लागले.

आजोबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. "अगं, ती काचच काळी आहे."

"हवालदार काय उगाच सांगेल?"

"हवालदाराला म्हैस दाखव, तो रेडा म्हणेल."

मी दोन दुपारी खरवडत होते. खालच्या कोपऱ्यात चार बारीक चरे पडले आणि माझं बोट कापलं. बाकी काच होती तशी राहिली. तिसऱ्या दिवशी मी गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडलं, जे पहिल्या दिवशीच उघडायला हवं होतं. त्यात सरळ लिहिलं होतं की मागच्या काचांचा रंग काच तयार होतानाच तिच्यात मिसळलेला असतो आणि तो काढता येत नाही. घरातलं एकच इंग्रजी पुस्तक मी वाचलं नव्हतं, आणि नेमकं तेच.

त्या पानाची झेरॉक्स काढून मी गाडीत ठेवली. पुढच्या वेळी अडवल्यावर पुढे केली. हवालदार म्हणाला, "हे इंग्रजी आहे." म्हणून मी पाठीमागे मराठी भाषांतर लिहून ठेवलं. त्याच्या पुढच्या वेळी दुसरा हवालदार म्हणाला, "मराठी कोणी लिहिलं?"

"मी."

"म्हणजे तुम्हीच लिहिणार आणि तुम्हीच सुटणार?"

मग मी गाडी विकणाऱ्याच्या दुकानात जाऊन त्या भाषांतरावर शिक्का मारून आणला आणि कागद प्लास्टिकच्या पाकिटात घातला. त्यानंतर त्रास झाला नाही. हवालदार यायचा, आतून नखाने काच खरवडून बघायचा, कागद वाचल्यासारखा करायचा आणि जा म्हणायचा.

अशी बरीच वर्षं गेली. गाडीचे पुढचे दिवे पिवळे पडले. दारांचे रबर उन्हाने तडकले, टपाचा रंग उडाला, सीटची कव्हरं मी दोनदा बदलली. इथलं ऊन कसं असतं ते तुम्ही एका मे महिन्यात पाहिलं आहे. तुमची रंगीत चप्पल ओट्यावर राहिली ती आठ दिवसांत पांढरी झाली होती. तीच गाडी त्याच उन्हात, पत्र्याखालीसुद्धा नाही, उभी असायची. मागच्या काचांत काडीचा फरक पडला नाही. तेव्हा मला त्याचं काही वाटत नव्हतं. काचेकडे कोण बघतं?

तीन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर एका सकाळी दाढी करताना आजोबांच्या डाव्या हातातून पाण्याचा मग पडला. मी आवाज ऐकून गेले. त्यांच्या तोंडाची डावी बाजू खाली ओघळली होती आणि ते मला काहीतरी सांगत होते, ते मला समजत नव्हतं. तुम्हाला तेव्हा आम्ही 'आजोबांना थोडं बरं नाही' एवढंच सांगितलं. ते कितीतरी महिने कॉलवर आले नाहीत, त्याचं कारण हे. तोंड तुम्हाला दाखवायचं नव्हतं.

डावा हात गेला, डावा पाय जड झाला. बोलणं हळूहळू परत आलं, थोडं जाडं. तुम्ही म्हणाल, उजवा तर शाबूत होता. पण जनावरांच्या डॉक्टरचा डावा हात वेगळा असतो. गाभण गाय किंवा म्हैस तपासायची, पोटात आडवं आलेलं वासरू सरळ करायचं, तर डावा हात खांद्यापर्यंत आत जातो आणि तिथे काही न दिसता बोटांनीच सगळं ओळखावं लागतं. निवृत्तीनंतरही लोक त्यांना अडचणीला बोलवायचे आणि ते जायचे. तो हात आता मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा.

नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "पहिले काही महिने फार महत्त्वाचे. आठवड्यातून तीनदा व्यायामाला आणा. जे परत येणार आहे ते याच दिवसांत येईल."

नगरला जायला दीड तास लागतो. आजोबा म्हणाले, "बसने नको. रिक्षानेही नको. कोणी बघायला नको." मग त्यांनीच विचारलं, "मागच्या काचा काळ्या आहेत ना?"

मी गाडी आत, ओट्याला लावून उभी करायची. ते मागे डाव्या बाजूला बसायचे, कारण तिकडून चढणं-उतरणं सोपं होतं. तोंडाची वाकडी बाजू काचेकडे यायची, पण काच काळी होती. ज्या माणसाला शेवगावात प्रत्येक टपरीवरून हाक यायची, तो त्याच टपऱ्यांसमोरून आठवड्यातून तीनदा जायचा आणि कोणाला पत्ता नव्हता. एकदा पेट्रोल पंपावरच्या माणसाने मला विचारलं, "डॉक्टरसाहेब दिसत नाहीत हल्ली?" मी म्हटलं, "मुलाकडे गेलेत." साहेब त्याच्यापासून हातभर अंतरावर काचेमागे बसलेले. मी आयुष्यात इतकं सहज खोटं बोलले नव्हते. गाडी रस्त्याला लागल्यावर मागून आवाज आला, "मुलाकडची हवा चांगली आहे."

व्यायामाचा उपयोग होत होता. डिसेंबरअखेर अंगठा हलला. जानेवारीत त्यांनी तर्जनी आणि अंगठ्यात एक हरभरा उचलला. डॉक्टरांनी तो हरभरा कागदाच्या पुडीत बांधून मला दिला, इतके ते खूश झाले होते.

मग ती ट्रॉली आली. उसाचे दिवस होते. शेवगावच्या बाहेर ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, उसाने इतक्या भरलेल्या की दोन्ही बाजूंनी वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बाहेर आलेले. आम्हाला दहाची वेळ गाठायची होती. मी उजवीकडून तिला मागे टाकून पुढे जात होते. ट्रॉलीचं चाक खड्ड्यात गेलं, ती आमच्याकडे झुकली आणि उसाची एक मोळी डाव्या मागच्या काचेवर आदळली.

आवाज मोठा झाला नाही. पिशवीतून तांदूळ सांडावा तसा झाला. मी गाडी कडेला घेऊन धावत मागचं दार उघडलं. अशा काचेचे सुरे होत नाहीत, दाणे होतात. आजोबांच्या मांडीवर, कोटाच्या खिशात, केसांत सगळीकडे दाणे. कानाला एक ओरखडा. त्यांनी उजव्या हाताने एक दाणा उचलून उन्हात धरला आणि जाड्या जिभेने म्हणाले, "बघ. आतपर्यंत काळी आहे. तू उगाच खरवडत होतीस."

त्या दिवशी आम्ही नगरला गेलो नाही. घरी येईपर्यंत ते तोंड आत वळवून, उपरणं गालावर धरून बसले होते. उघड्या खिडकीतून वारा आत येत होता.

काच बसवणारा म्हणाला, "ह्या मॉडेलची काळी काच आता येत न्हाई, मॅडम. पांढरी लगेच बसवतो." मी म्हटलं, सध्या पांढरी बसवा, काळी मागवा. तो म्हणाला, "नगरला भंगारवाल्यांकडं बघा, तिथं जुन्या गाडीची मिळंल. न्हाईतर पांढरीवर फिल्म लावून घ्या. कोण बघतंय?" फिल्म म्हणजे कायदा मोडणं. भंगारातली काच म्हणजे कोणाच्या गाडीची, कुठून आली, पावती नाही काही नाही. मी दोन्हीला नाही म्हटलं. कंपनीला पत्र लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, गाडीचे सगळे क्रमांक घालून, सुवाच्य.

पांढरी काच बसली आणि आजोबांनी येणं बंद केलं. सोमवार, बुधवार, शनिवार मी गाडी ओट्याला लावायची. ते कपडे करून बसलेले असायचे. मला विचारायचे, "काच आली?" मी म्हणायची, "अजून नाही." "मग आज नको." भांडण नाही, आवाज नाही. पुन्हा कपडे बदलून द्यायचे, चहा ठेवायचा. टॉवेल लावते म्हटलं तर म्हणाले, "टॉवेल लावलेल्या गाडीकडे लोक जास्त बघतात." उजव्या बाजूच्या काळ्या काचेमागे बसवून पाहिलं, तर नगरला उतरताना जड पाय दारात अडकला आणि भर रहदारीत ते माझ्या अंगावर कोसळले. पुन्हा तो विषय काढला नाही.

घरी मी कागदावर बघून व्यायाम करून घेत होते. मला ते नीट येत नव्हते. दमून जात होते, मुलांनो. सकाळी त्यांना उठवायचं, आंघोळ, जेवण, औषधं, बोटं उघडायची, बोटं मिटायची, आणि संध्याकाळी फाटकापाशी जाऊन टपाल आलं का बघायचं. डॉक्टर फोनवर म्हणाले, "आजी, हे दिवस परत मिळत नाहीत." मी त्यांना सांगितलं की कंपनीच्या उत्तराची वाट बघते आहे. मी बरोबर वागते आहे असं मला तेव्हा वाटत होतं.

तीन महिने गेले. कंपनीचं उत्तर आलं ते तीन ओळींचं. ती काच आता बनत नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटी नगरला गेले आणि फिल्म लावून आणली. दुकानदाराला विचारलं, "कंपनीसारखी दिसेल ना?"

"कंपनीपेक्षा भारी."

"किती टिकेल?"

"मॅडम, तुम्ही गाडी विकाल, पण फिल्म हलणार नाही."

आजोबांनी ओट्यावरून काच बघितली, दुसऱ्या बाजूला जाऊन ती काच बघितली, मला काही न विचारता गाडीत बसले. बंदी त्यांनाही ठाऊक होतीच. नगरला डॉक्टरांनी हात हातात घेतला आणि बराच वेळ बोटं चाचपत राहिले. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळून आखडलं होतं. ते म्हणाले, "प्रयत्न करू." मला त्यांचा तो स्वर कळला. माझ्या शाळेत मीही नापास होणाऱ्या मुलांच्या पालकांशी याच स्वरात बोलायचे.

फिल्म एक उन्हाळाही टिकली नाही. मे उजाडताच ती जांभळी दिसायला लागली. महिना संपायच्या आत फोड आले. मी फूटपट्टीने दाबून ते बसवायची, दुसऱ्या दिवशी शेजारी नवे यायचे. आजोबा आत बसून त्यांच्याकडे बघत जायचे. एकदा वाटेतल्या मिरी गावाजवळ मागून म्हणाले, "काचेवर महाराष्ट्राचा नकाशा झाला आहे. कोकणात फोड फार. विदर्भ सुटत चाललाय."

शनि अमावस्येच्या दिवशी पांढरी पूल नावाच्या फाट्यावर, जिथे आमचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो, तिथे पोलिसांनी गाड्या अडवल्या होत्या. शिंगणापूरला जाणाऱ्यांची ही गर्दी. आमच्या व्यायामाचा शनिवार होता आणि अमावस्या माझ्या लक्षातच आली नव्हती. एका तरुण हवालदाराने आमची गाडी भेळेच्या दुकानापुढे घ्यायला लावली. मी सवयीने प्लास्टिकचं पाकीट पुढे केलं. त्याने कागद दोन्ही बाजूंनी वाचला. वाचणारा हवालदार मला पहिल्यांदाच भेटला. उजवीकडची काच त्याने नखाने खरवडली, मान हलवली. मग तो डावीकडे गेला.

"मॅडम, ह्या कागदात त्या काचेचं आहे. ह्या काचेचा कागद कुठंय?"

त्याने एका फोडावर बोट दाबून बघितलं.

"फिल्म आहे ही. काढा."

"घरी जाऊन काढते."

"सगळे हेच म्हणतात. इथंच काढायची आणि पुढं जायचं."

"आत पेशंट आहेत."

"मग लवकर काढा."

त्याने दार उघडलं. आजोबा तसेच बसून होते, उपरणं गालाशी. मी सुटलेल्या कडेला नख घातलं. फिल्म चिंधीसारखी फाटली आणि गोंद तसाच काचेला राहिला. शिंगणापूरच्या गाड्यांतली माणसं काचा खाली करून बघत होती.

भेळेच्या दुकानातली बाई बराच वेळ बघत असावी. ती तांब्यात गरम पाणी आणि हातात उलथनं घेऊन आली. "सरा बाई तुमी. तुमच्यानं न्हाई व्हायचं ते." तिने मला बाजूला केलं, दारात उभं राहून काचेवर पाणी मारलं आणि उलथन्याने खरवडायला लागली. आजोबांचं तोंड तिच्यापासून वीतभर होतं. मध्येच ती थांबली.

"आगं बया, डाक्तर का हे?"

आजोबांनी तोंड वळवलं नाही.

"डाक्तर, वळखलं का? मिरीच्या अलीकडं आमची वस्ती. म्हस आडली हुती, तुमी भर पावसात आल्ते. चिखलात आडवं पडून वढलं रेडकू."

मला वाटलं, ते बोलणारच नाहीत. मग उपरण्याआडून आवाज आला, "रेडी झाली होती. कपाळावर पांढरा टिळा."

"तीच! तिची नात हाय आता दावनीला." बाई खुशीत आली. मग तिने वाकून सरळ त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. "लकवा मारला व्हय?"

पाऊस झाला का विचारावं तसं तिने विचारलं. मी दाराला धरून उभी होते. इतक्या महिन्यांत ही गोष्ट त्यांना तोंडावर कोणी विचारली नव्हती. मी कोणाला विचारू दिली नव्हती.

"हो," आजोबा म्हणाले.

"आन हात?"

"हातही."

"ह्योच का, आत घातलेला?"

"हाच."

तिने पदराला हात पुसले, त्यांचा डावा हात उचलून घेतला आणि म्हशीचं आचळ बघावं तशी बोटं एकेक करून बघितली. "हालत्यात की तीन. माझ्या सासऱ्याचं एक बी हाललं न्हाई. पर शिव्या काय थांबल्या न्हाईत त्याच्या. लई देयाचा. तुमी देता का?"

"घरी देतो," आजोबा म्हणाले. "हिला कळत नाहीत अशा."

"आमाला कळतील, आमाला द्या!" ती इतकी मोठ्याने हसली की हवालदारही हसला. "ताई, आधी काच उरका," तो म्हणाला.

काच उरकली. कडांना गोंद राहिला. मी हवालदाराकडून पावती मागून घेतली. तो म्हणाला राहू द्या, पण नियम मोडला होता आणि त्याची पावती असायला हवी होती. आजोबांनी भेळ मागितली. उजव्या हाताने खाल्ली, निम्मी डाव्या ओठावरून सांडली. बाईने पुन्हा वाढली आणि म्हणाली, "सांडा, हितं चिमन्या खात्यात." आम्ही नगरला तासभर उशिरा पोचलो.

सोमवारी मी गाडी ओट्याला लावून मागचं दार उघडलं. आजोबा काठी टेकत पुढच्या दारापाशी जाऊन उभे राहिले.

"इथे बसणार?" पुढच्या काचा पहिल्यापासून पांढऱ्याच होत्या.

"हो. मी मागे बसलो की तू सारखी मान वळवून बघतेस, आणि गाडी उसाच्या ट्रॉलीला घालतेस."

वर लिहिताना मी हे गाळलं आहे. ट्रॉली खड्ड्यात गेली हे खरं. पण त्या क्षणी मी रस्त्याकडे बघत नव्हते. मागे त्यांची मान कलली होती, ते झोपले की आणखी काही झालं, हे बघायला मी वळले होते. हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं, तुमच्या बाबालाही नाही. आजोबांना मात्र पहिल्या दिवसापासून माहीत होतं. महिनोन् महिने घरात बसून राहिले, पण हे बोलले नव्हते.

मी त्यांचा पट्टा लावला आणि गाडी काढली. शेवगावच्या चौकात पहिल्याच टपरीवरून हाक आली, "ओ डॉक्टर! मुलाकडून कधी आलात?" त्यांनी काच खाली केली आणि गाडी थांबवायला लावली. त्या दिवशीही आम्हाला उशीर झाला.

त्यानंतर वर्षभर आम्ही नगरला जात राहिलो. गेलेले तीन महिने काही परत आले नाहीत. डॉक्टरांनी कधी तसं बोलून दाखवलं नाही, मीच एकदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "असं सांगता येत नाही, आजी." सांगता येतं. मी फिल्म पहिल्याच आठवड्यात लावली असती, किंवा भंगारात जाऊन काच शोधली असती, तर कदाचित चार बोटं चालली असती, कदाचित पाचही. मी पत्राच्या उत्तराची वाट बघत बसले. नीट वागायची सवय इतकी लागली होती की त्यापायी कोणाचं काय जातंय ते मला दिसलं नाही. हे तुम्ही आत्ता समजून घ्यायची घाई करू नका. लिहून ठेवते आहे एवढंच.

परवा गाडी बघायला माणूस आला होता. तो ती चालवायला नेणार नाही, सुटे भाग काढायला नेणार आहे. त्याने बॉनेट उघडून नाक मुरडलं, टायर बघून नाक मुरडलं. मग उजव्या मागच्या काचेवर नख फिरवलं आणि म्हणाला, "ही कंपनीची. ह्या आता मिळत नाहीत. ह्या दोन्ही मी जपून काढतो, कोणीतरी शोधत असतं." मी म्हटलं, "जपूनच काढा." आजोबा ओट्यावर बसून होते. ते म्हणाले, "आणि पावती देऊन विका."

उजव्या दाराची आणि पाठीमागची काच पहिल्या दिवसाइतकीच काळी आहे. आजोबांच्या डाव्या हाताची तीन बोटं चालतात. शर्टाची बटणं ते स्वतः लावतात.